बखर कुणाची, इतिहास कुणाचा?

इ.स. १६९७ च्या सुमारास दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर कृष्णाजी अनंत सभासद शिवछत्रपतींचे चरित्र लिहावयास बसला, तेव्हा महाराजांच्या निधनाला सतरा वर्षे लोटली होती. संभाजीराजांची क्रूर हत्या होऊन आठ वर्षे झाली होती. रायगड मोगलांच्या ताब्यात गेला होता आणि खुद्द जिंजीला झुल्फिकारखानाचा वेढा पडला होता. अशा वेळी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने लेखणी उचलली. राज्य जिवंत राहील की नाही याची खात्री नसताना ते कसे उभे राहिले, हे सांगणे एवढाच या लेखनाचा हेतू होता. म्हणजे मराठीतील ही सर्वांत महत्त्वाची बखर निवांतपणी केलेले संशोधन नव्हे. ते एका झगडणाऱ्या राज्याने स्वतःला धीर देण्यासाठी केलेले स्मरण आहे.

ही गोष्ट आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, महाराष्ट्रात आज बखरींकडे पाहण्याच्या दोनच रीती शिल्लक राहिल्या आहेत. एक पूजेची आणि दुसरी जाळपोळीची. आपल्या सोयीचे वाक्य बखरीत सापडले की ते वेदवाक्य ठरते, गैरसोयीचे सापडले की लिहिणाराची जात काढली जाते. बखर कोणी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली आणि तिच्यात कोणाचा आवाज मुळीच ऐकू येत नाही, हे चार साधे प्रश्न विचारण्याची सवय मात्र आपण गमावून बसलो आहोत. हे प्रश्न पंडितांपुरते आहेत असे कोणी समजू नये. ज्यांच्या नावाने रस्त्यावर दगड फेकले जातात आणि ज्यांच्या अंगावर ते पडतात, त्या सामान्य माणसांचे हित या प्रश्नांत गुंतलेले आहे.

संभाजीराजांचेच उदाहरण घ्यावे. मल्हार रामराव चिटणीस याने आपली बखर १८१० च्या सुमारास, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी सिद्ध केली. हा बखरकार बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातला. आणि बाळाजी आवजींना १६८१ साली कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनी देहदंड दिला होता. मल्हार रामरावाने केवळ सूडबुद्धीने लेखन केले असे म्हणण्याची आवश्यकता नाही. याच घराण्यातील खंडो बल्लाळांनी पुढे छत्रपतींच्या गादीची एकनिष्ठ सेवा केली, हेही इतिहासाला ठाऊक आहे. परंतु घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या हकीकतींचा रंग लेखणीत उतरणारच. तो उतरला, आणि व्यसनी, उतावळा, राज्य बुडविणारा राजपुत्र अशी संभाजीराजांची प्रतिमा बखरीतून शाळेच्या पुस्तकांत, नाटकांत आणि कादंबऱ्यांत शिरली. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकालाही तिचा आधार होता.

ही प्रतिमा कोणी पुसली? वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. तपेच्या तपे त्यांनी मराठी, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज कागदांचा शोध घेतला आणि १९६० साली संभाजीराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज या तिन्ही शत्रूंशी एकाच वेळी नऊ वर्षे झुंजणारा, संस्कृतात ग्रंथरचना करणारा राजा या संशोधनातून महाराष्ट्रापुढे उभा राहिला. दीडशे वर्षे टिकलेली बदनामी कागदाने निर्माण केली होती आणि कागदानेच ती खोडून काढली. यासाठी कोणाचे डोके फोडावे लागले नाही.

आणि तरीही जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून मुठेच्या पात्रात फेकण्यात आला! त्यापूर्वी जानेवारी २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली होती. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकातील मजकूर आक्षेपार्ह होता, एवढ्यासाठी ज्या साधनांच्या आधारे त्याचे खंडन करता आले असते तीच पायदळी तुडविली गेली. बहुजन समाजाच्या संतापामागे खरी कारणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. शतकानुशतके लेखणी मूठभरांच्या हाती होती, त्यांनी इतिहासात स्वतःला नको तेवढी जागा घेतली आणि कष्टकऱ्यांना पानाबाहेर ठेवले, ही तक्रार रास्तच आहे. पण या तक्रारीचे उत्तर लेखणी हाती घेणे हे आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा रचला तो याच जाणिवेने. ज्यांनी रयतेच्या बाजूने इतिहास लिहावयाचा, त्यांनीच जर दप्तरे फोडली तर उद्या लिहावयाचे कशावरून?

बखर रयतेच्या बाजूने वाचता येते काय? अवश्य येते. सभासदाची बखर अफझलखानाच्या वधासाठी आणि आग्र्याच्या सुटकेसाठी वाचली जाते; तिच्यातील जमीनमहसुलाची पाने मात्र बहुतेक वाचक ओलांडून जातात. वास्तविक तीच पाने सर्वांत मोलाची आहेत. जमीन काठीने मोजून बिघे-चावर ठरवावेत. पिकाच्या पाच तक्षिमा कराव्यात, तीन रयतेला आणि दोन सरकारला. नवी रयत आली तर तिला गुरेढोरे, बी-बियाणे आणि पोटापुरते धान्य द्यावे आणि ते दोन-चार वर्षांत ऐपत पाहून उगवून घ्यावे, असा सगळा तपशील तेथे आहे. देशमुख-देशपांडे-पाटील गढ्या आणि हुडे बांधून, पदरी बंदूकधारी ठेवून मुलखात मातले होते, त्यांचे ते वाडे पाडले आणि त्यांचे हक्क बांधून दिले, असेही सभासद सांगतो. वतनदारांच्या मुजोरीविरुद्ध उभी राहिलेली राजसत्ता या पानांत दिसते. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी १९८८ साली ‘शिवाजी कोण होता?’ हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी शिवाजीराजांच्या याच बाजूकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. इतिहास रयतेच्या बाजूने वाचणे किती जणांना सलते, याचा याहून भयंकर पुरावा कोणता हवा?

परंतु आमच्या बाजूच्या मंडळींनाही येथे एक सांगणे आहे. पाचांतील दोन वाटे म्हणजे उत्पन्नाचे शेकडा चाळीस. कितीही न्यायी असला तरी तो मध्ययुगीन राज्याचा सारा होता आणि तो भरणारे हात कुणब्याचेच होते. राजा रयतेचा होता, यावरून राज्य रयतेचे होते असे सिद्ध होत नाही. शिवाजीराजांना समाजवादी ठरविण्याचा मोह, त्यांना विशिष्ट धर्माचे सेनानी ठरविण्याच्या मोहाइतकाच अनैतिहासिक आहे. बखरीला प्रश्न विचारावयाचे तर ते आपल्या आवडत्या पानांनाही विचारावे लागतील. सभासद हा दरबारी माणूस होता. महसुलाची पद्धत जशी असावी असे ठरले होते ती त्याने लिहिली. प्रत्येक गावात ती तशीच अंमलात आली की नाही, हे गावच्या कागदांवरूनच ठरेल.

जे लोक मध्ययुगाचा सगळा इतिहास हिंदू आणि मुसलमान एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतात, त्यांनी भीमसेन सक्सेना याची ‘तारीखे दिलकुशा’ वाचावी. भीमसेन बुऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरचा, मोगली लष्करात नोकरी करणारा आणि फारसीत लिहिणारा. सेतुमाधवराव पगडी यांनी त्याचा ग्रंथ मराठीत आणला आहे. औरंगजेबाच्या दक्षिणेतील न संपणाऱ्या युद्धाने मुलूख कसा उजाड झाला, अंमलदारांच्या जाचाने गांजलेले शेतकरी नांगर सोडून हत्यार आणि घोडे मिळवीत मराठ्यांच्या फौजेत कसे दाखल होऊ लागले, हे या मोगली नोकराने लिहून ठेवले आहे. शत्रूच्या छावणीतून आलेली ही साक्ष आहे. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाला बळ कोठून मिळाले, याचे उत्तर तीत मिळते. ते धर्मद्वेषात नव्हते, नागवल्या गेलेल्या शेतकऱ्याच्या असंतोषात होते. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीचे निमित्त होऊन नागपुरात दंगल उसळली आणि संचारबंदी पुकारावी लागली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाच्या नावाने हातावर पोट असणाऱ्यांची रोजी बुडाली. त्या बादशहाचा खरा पाडाव कोणी केला हे ठाऊक असते, तर त्यांच्याच वंशजांना परस्परांच्या अंगावर घालणे इतके सोपे गेले नसते.

बखरींची चिकित्सा ही काही नवी किंवा परकी गोष्ट नाही. ग्रँट डफचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्याची परखड तपासणी केली. १८७८ साली सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी छापून लोकांसमोर आणल्या. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राचे मोल अधिक, हा दंडक घालून दिला. बखरींतील सन, स्थळे आणि क्रम कसे चुकतात हे त्यांनी निर्दयपणे दाखविले. पण त्याच राजवाड्यांनी १९२४ साली उत्तर कोकणातील ‘महिकावतीची बखर’ संपादून तिच्यातून तेथील समाजाची घडण उकलून दाखविली. बखरीवर अविश्वास ठेवणे आणि बखर टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा धडा होता. राजवाड्यांची सर्वच मते आम्हांस मान्य आहेत असे नाही. त्यांच्या वर्णाभिमानाशी आमचे भांडण आहे आणि राहील. तथापि गावोगाव पायपीट करून सडत पडलेले कागद वाचविणाऱ्या या माणसाचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

त्या कागदांत काय आहे? ज्यांचे नाव बखरीत कधीच आले नाही, ती माणसे आहेत. वतनाचा तंटा झाला की गावसभा बसे आणि महजर होई. त्यावर गावचे पाटील-कुणबी, बलुतेदार साक्षी म्हणून असत. लिहिता न येणारा पाटील आपल्या नावापुढे नांगराचे चिन्ह काढी. इतर आपापल्या हत्याराची निशाणी करीत. बखरीत राजा बोलतो, महजरात गाव बोलते. जमाखर्चाच्या बंदांत वेठबिगार आहे, दुष्काळातील सूट आहे, बटकींच्या खरेदी-विक्रीची नोंद आहे, अस्पृश्यांवर लादलेले निर्बंध आहेत. पेशवे दप्तर ब्रिटिश अमदानीत संशोधकांना दीर्घकाळ बंद होते. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत संपादिले. अशा कागदांवरून जपानच्या हिरोशी फुकाझावा यांनी मध्ययुगीन दख्खनच्या शेतकऱ्याचा आणि जातिव्यवस्थेचा अभ्यास केला, आणि आपल्याकडील पदवीधराला आपल्याच पणजोबाचे खत वाचता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचा व्यवहार मोडीत चालला होता. दोन पिढ्यांत ती लिपी विस्मरणात गेली. याची किंमत कोणाला मोजावी लागते ते २०२३ साली दिसले. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने समिती नेमली आणि एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जुना कागद ही केवळ विद्वानांची हौस नसून गरिबाच्या हक्काचा दाखला आहे, हे राज्यकर्त्यांना तेव्हा कळले असावे. पण जे संकटकाळी कळले ते धोरणात उतरत नाही. स्मारके आणि पुतळे यांसाठी कोटी-कोटींच्या घोषणा होतात; ज्या कागदांतून त्या महापुरुषांचे खरे चरित्र सिद्ध व्हावयाचे, ते मात्र रुमालांत बांधलेले राहतात आणि वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एका महाविद्यालयात मोडी आणि फारसी शिकविण्याची सोय व्हावी आणि शिकलेल्यांना अभिलेखागारांत कायम नोकऱ्या मिळाव्यात. सर्व सरकारी दप्तरांच्या सूच्या तयार होऊन त्या कोणत्याही नागरिकाला विनामूल्य पाहता याव्यात. प्रमुख बखरींच्या टीपांसह आवृत्त्या कामगाराला परवडेल अशा किमतीत शासनाने काढाव्यात. आणि चिटणिसाच्या बखरीशेजारी बेंद्र्यांचे उत्तरही वाचकाच्या हाती पडावे. संशोधन संस्थांवर आणि संशोधकांवर हात उगारणाऱ्यांना, ते कोणत्याही पक्षाचे वा जातीचे असोत, राजाश्रय मिळू नये.

शासनाकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. आपल्या अभ्यासमंडळांत सभासदाची ती महसुलाची पाने वाचली जावीत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी माळ्यावर, पेटाऱ्यांत पडलेले कागद रद्दीत जाऊ न देता जाणकारांपर्यंत पोचवावेत. राजांचा इतिहास लिहावयास दरबारात माणसे होती. ज्यांनी महजरावर नांगराची निशाणी केली, त्यांचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी त्यांच्या नातवंडा-पतवंडांवर येऊन पडली आहे. आता त्यांना लिहिता येते. त्यांनी हातातला दगड खाली ठेवावा आणि लेखणी उचलावी.