सेगावचा लेख आणि जेरुसलेमचे उत्तर

नागपुरात इस्रायलचे नाव निघाले की ते बहुधा कौतुकाने निघते. धर्म, राष्ट्र आणि शस्त्र यांची एकजूट कशी साधावी याचा तो आदर्श पाठ, असे येथील हिंदुत्ववादी मंडळी मानतात. डाव्या कार्यकर्त्यांनाही हे चित्र सोयीचेच वाटते. ज्यू राष्ट्रवाद म्हणजे वसाहतवादाचे एक रूप, एवढे म्हणून ते मोकळे होतात. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सुरू झालेला एक वाद मात्र दोघांनाही अडचणीचा ठरावा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्ध्याजवळच्या सेगावहून, म्हणजे पुढच्या सेवाग्रामहून, गांधीजींनी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. पॅलेस्टाईन अरबांचे आहे, ब्रिटिश संगिनींच्या आश्रयाने तेथे शिरणे अन्यायाचे आहे, जायचेच तर अरबांचे मन जिंकून जावे, असा त्यांचा अभिप्राय होता. जर्मनीतील ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सुचविला.

तत्त्वज्ञ मार्टिन बूबर त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला आले होते. गांधीजींविषयी त्यांना नितांत आदर होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी दीर्घ पत्र लिहून उत्तर दिले. हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस यांनीही लिहिले. छळछावणीत कोणाच्याही नजरेस न पडता मरणाऱ्याच्या सत्याग्रहाला साक्षी कोण, हा बूबर यांचा प्रश्न बिनतोड होता. येथे गांधीजींचा सल्ला अपुरा पडला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

पण पत्राचा गाभा पुढेच आहे. भूमी जिंकणाऱ्यालाही ती उसनीच मिळालेली असते आणि तो तिचे काय करतो हे ईश्वर पाहत असतो, असे बूबर मानत. ज्यूंचा दावा खरा, अरबांचाही खरा, म्हणून एकाने दुसऱ्याला हुसकावू नये. धर्मविचाराने येथे राष्ट्रवादाला धार चढविली नाही, उलट त्याला जाब विचारला. याच विचाराचा ‘ब्रिट शालोम’ हा गट १९२५ साली स्थापन झाला होता. नागपुरात संघाची स्थापना झाली तेही हेच वर्ष. १९४२ मध्ये मॅग्नेस आणि बूबर यांनी ‘इहुद’ काढला. दोन्ही समाजांचे समान हक्कांचे एकच राज्य असावे, ही त्याची मागणी.

ब्रिटिश छत्राखाली झालेल्या वसाहतीवरचा गांधीजींचा आक्षेप या गटालाही पुरता खोडता आला नाही. अनुयायीही मूठभरच. त्यांच्याशी समझोता करणारे अरब पुढारी फौजी दरवेश अल-हुसैनी यांचा १९४६ च्या नोव्हेंबरात, सहीनंतर काही दिवसांतच, अरब राष्ट्रवाद्यांनी खून केला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची योजना मांडली. ती बाजूला पडून २९ नोव्हेंबरला फाळणी मंजूर झाली. भारताने विरोधी मत दिले, तर सावरकरांनी डिसेंबरात ज्यू राज्याचे स्वागत केले. पाठोपाठच्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले.

मॅग्नेस १९४८ मध्येच निवर्तले. बूबर मात्र नव्या राज्यात राहून अरब नागरिकांवरील लष्करी अंमलाविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. तो अंमल १९६६ मध्ये उठला, बूबर यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने.