ट्रकचं वजन आणि ड्रायव्हरची झोप

अमरावती-अकोला रस्त्यावर ट्रकांची रांग आपण रोजच पाहतो. कायद्यानं अवजड मालवाहू वाहन म्हणजे गाडी आणि माल मिळून 12 टनांहून जास्त. 2018 मध्ये मर्यादा वाढली, मोठा ट्रेलर आता 55 टनांपर्यंत धावतो. रस्ताही सुधारला, जून 2022 मध्ये इथलंच 75 किलोमीटरचं डांबरीकरण गिनीज बुकात गेलं.

आणि ड्रायव्हर? 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा कायदा सांगायचा, दिवसाला कामाचे तास 8. आमच्या बचत गटातल्या एकीचा नवरा नागपूरहून सुरतेला माल नेतो. जोडीला दुसरा ड्रायव्हर मालकाला परवडत नाही म्हणे! "फोन नाई लागला का जीव खालीवर होते, ताई," ती सांगते. वजनकाट्यावर गाडी अडवतात, पण किती तासांपासून जागा आहेस, हे विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये अपघातानंतर पळणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैदेच्या कलमाविरुद्ध संप झाला, तेव्हा पेट्रोलच्या रांगेत आपण ड्रायव्हरांनाच बोल लावले. त्या जुलैत नवा कायदा आला, ते कलम मात्र थांबवलं. 2025 पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तो हवाच होता. पण तिच्या नवऱ्याचा ट्रक जुना आहे.