कोटींची पोती



परवा साताऱ्याहून काकांचा फोन. काका निवृत्त सुभेदार, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. "अरे, तुमच्या तंजावरकडं गांजा सापडला म्हणे, कोटींचा! काय चाललंय काय तिकडं?"

तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. पण याच जिल्ह्यात अधिरामपट्टिनम, मल्लिपट्टिनम हा किनाराही आहे आणि समोर श्रीलंका. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला गांजा रस्त्यानं इकडं येतो आणि होडीतून पलीकडं जातो. दर टप्प्याला भाव चढतो. बातमीत मात्र शेवटचा, सगळ्यात चढा भाव लावतात आणि लिहितात 'आंतरराष्ट्रीय बाजारात अमुक कोटी'. लासलगावच्या कांद्याला लंडनचा भाव लावून शेतकऱ्याला कोट्यधीश ठरवण्यातला हा प्रकार!

मुंद्रा बंदरात 2021 मध्ये 2,988 किलो हेरॉइन पकडलं, किंमत सांगितली 21,000 कोटी. म्हणजे किलोला सात कोटी. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या छाप्यांत 1,700 किलोंवर एमडी मिळालं, किंमत 3,500 कोटींच्या वर. म्हणजे किलोला दोन कोटी. पकडणाऱ्यांना माझा सलाम, ते काम सोपं नाही. पण त्या मालात नशेचं द्रव्य किती टक्के होतं, हे तुमच्यापैकी कुणाच्या वाचनात आलं का?

माझी नोकरी इंधनाची. विमानात भरण्याआधी नमुना काचेच्या बरणीत काढायचा, उजेडात धरायचा, पाणी-गाळ बघायचा. हजारो लिटर आलं एवढंच सांगितलं तर साहेब मला उभं करणार नाहीत.

कायद्यात टक्क्याचा प्रश्न आला होता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शिक्षेसाठी फक्त शुद्ध द्रव्याचं वजन धरा. 22 एप्रिल 2020 ला तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट सगळं वजन धरा. शिक्षेपुरतं मला हे पटतं. भेसळ करून विकणाऱ्याला सूट कशाला? पण शिक्षेचं माप वेगळं आणि बाजाराचं वेगळं. गांजाची तर आणखी गंमत. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं, बिया त्यात येत नाहीत. पोत्यात काय काय भरलेलं असतं, ते पोतं उघडणाऱ्यालाच ठाऊक.

टक्का का हवा? कारण आपली कारवाई बाजाराला लागली का, हे त्यातूनच दिसतं. माल खरंच तुटला तर भाव चढतो किंवा भेसळ वाढते. युरोपात हे आकडे दरवर्षी छापतात. 2022 मध्ये तिथं विक्रमी 323 टन कोकेन पकडलं. तरी रस्त्यावरचं कोकेन दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त शुद्ध होतं आणि भाव फारसा हलला नव्हता. आकडे होते म्हणून त्यांना कळलं की पोती पकडूनही धंदा चालूच आहे. आपण कोटी मोजतो आणि टाळ्या वाजवतो. आणि गावातला बेकार पोरगा त्या कोटींच्या आकड्यात काय वाचतो? मला तर ती भरतीची जाहिरात वाटते.

काकांना मी हेच विचारलं, "बातमीत टक्का दिलाय का बघा बरं."

पेपर चाळल्याचा आवाज आला. "टक्का नाही रे. पोत्यांचा फोटो आहे, मागं सगळे साहेब उभे आहेत."