प्रवासाचा ताळेबंद

श्रावण लागला की मुंबईतल्या प्रत्येक कोकणी घरात एकच विषय निघतो : यंदा गणपतीला जायचे कसे? आमच्याकडे हा विषय निघाला की मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. उभी हयात बँकेत लोकांचे कर्जप्रस्ताव तपासण्यात गेली. ती सवय काही सुटत नाही. कागदावर उभ्या रेघा मारायच्या आणि वर रकाने लिहायचे : खर्च, वेळ, सामान, दगदग.

डोंबिवलीहून सावंतवाडीला जायचे तर पर्याय चार. पहिला रेल्वेचा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि चाकरमान्यांचे दिवस पालटले. पण गणपतीचे आरक्षण उघडते न उघडते तोच प्रतीक्षायादी सुरू होते. दुसरा एस.टी.चा. ती स्वस्त आणि भरवशाची, पण साठी उलटलेल्या कमरेला रात्रभर बसणे जड जाते. तिसरा म्हणजे घरची मोटार काढून पेण, महाड, चिपळूण करीत मुंबई-गोवा महामार्गाने जाणे. त्या रस्त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि एक तप लोटले तरी पुरे झाले नव्हते. चौथा मार्ग पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा असा जाऊन आंबोली घाटाने खाली उतरणारा. रस्ता बरा, पण अंतर, इंधन आणि टोल, तिन्ही जास्त.

२०२२ साली मी असाच तक्ता मांडला. माणसे पाच, शिवाय मखराचे सामान. बेरजेत तिसरा पर्याय सरस ठरला. ‘रात्री निघू, रस्ता मोकळा मिळेल,’ असे मीच सुचवले. मुलगा दिवसभर कचेरीत राबून आला, जेवला आणि दहा वाजता चाकावर बसला.

पहाटे साडेतीनच्या सुमारास, संगमेश्वरच्या अलीकडे, गाडी एकाएकी कडेच्या खडीवर उतरली. मुलाचा डोळा लागला होता. सौ.च्या किंकाळीने तो जागा झाला आणि गाडी थांबली. पुढे चार हातांवर चर होता. मागच्या सीटवर नात गाढ झोपली होती. तिला आजही यातले काही ठाऊक नाही.

उजाडेपर्यंत आम्ही एका बंद टपरीसमोर बसून राहिलो. कोणी कोणाला बोल लावला नाही. खूप वेळाने सौ. एवढेच म्हणाली, “अहो, एवढे रकाने आखलेत, त्यात गाडी चालवणारा कुठे होता?”

मला उत्तर सुचले नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. पगारी चालकाला दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असा त्यातला सर्वसाधारण नियम होता. परक्याच्या मुलासाठी कायद्याने जे ठरवले, ते स्वतःच्या मुलासाठी बापाला सुचू नये? ज्या बेरजेत मोटार स्वस्त ठरली होती, तिच्यात त्याची झोप मी फुकट धरली होती. एखाद्या कर्जदाराने असा खर्च लपवला असता, तर मी त्याचा प्रस्ताव परत पाठवला असता.

आता तक्त्यात पहिला रकाना चालकाचा असतो. मोटारीने जायचे ठरलेच, तर रात्री पुरती झोप काढून पहाटे निघायचे, दर दोन तासांनी थांबायचे आणि चिपळूणला मुक्काम करायचा. त्या खोलीचे भाडे मोटारीच्या खर्चात धरले की रेल्वेसाठी केलेली धडपड एकदम परवडू लागते. तिकीट मिळाले तर सावंतवाडी स्थानकावरून घरापर्यंत रिक्षा आहेच.

अनेक घरांत या दिवसांत हा हिशेब मांडला जात असेल. माझे सांगणे एवढेच, की तो चाकावर बसणाऱ्या पोराला शेजारी बसवून मांडा. तो ‘मला काही होत नाही’ असे म्हणेल. माझाही तेच म्हणाला होता.