रिनचा मृत्यू ही शरणागती नव्हे

आर. एफ. क्वांग यांच्या ‘द पॉपी वॉर’ त्रयीचा तिसरा आणि शेवटचा खंड ‘द बर्निंग गॉड’ २०२० च्या नोव्हेंबरात आला, आणि तेव्हापासून त्याच्या शेवटावरून वाचकांमध्ये भांडण चालू आहे. भांडावं असाच तो शेवट आहे. तीन खंड आपण जिच्या बाजूने उभे राहिलो ती रिन विद्यालयातला जुना सहाध्यायी आणि आता शत्रू झालेल्या नेझाच्या हातातलं पातं स्वतःच्या शरीरात खुपसून घेते. तिच्याबरोबर तिचा जिवलग किताय मरतो. मागे उरलेल्या नेझाला ती सांगून जाते की परक्यांशी जुळवून घे, सगळं खापर माझ्या माथी फोड, पण लोकांना जगव. (शेवट उघड केल्याशिवाय हा वाद घालताच येत नाही. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी त्रयी वाचून मग इकडे वळावं.) या शेवटाला दगाबाजी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो तिन्ही खंडांतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

ज्यांनी ही त्रयी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिन ही दक्षिणेकडच्या टिकानी गावातली युद्धात अनाथ झालेली, सावळी, गरीब मुलगी. अफूचा धंदा करणाऱ्या घरात ती वाढते, देशव्यापी परीक्षा देऊन राजधानीच्या लष्करी विद्यालयात पोचते आणि तिथे तिला कळतं की आपल्याला अग्निदेवता फिनिक्सला हाक मारता येते. निकान हा चीन, मुगेन हा जपान आणि हेस्पेरिया म्हणजे पाश्चात्त्य सत्ता, हे लपवण्याची क्वांग यांना गरज वाटत नाही. पहिल्या खंडातलं गोलिन नीस शहराचं हत्याकांड १९३७ च्या डिसेंबरात नानजिंगमध्ये जे घडलं त्यावर उभं आहे. त्याच खंडाच्या अखेरीस रिन सूड म्हणून मुगेनचं अख्खं बेट जाळून टाकते. रिनची घडण माओ त्सेतुंगच्या आयुष्यावरून केली आहे, असं क्वांग यांनी मुलाखतींमधून सांगितलेलं आहे.

इथूनच एक आक्षेप निघतो. ही कादंबरी म्हणजे नावं बदललेला इतिहास आहे, आणि शेवटी तो इतिहासही लेखिकेला झेपला नाही, असं म्हटलं जातं. कारण माओ जिंकला. १९४९ मध्ये सत्तेवर आला आणि १९७६ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, सत्तेवर असतानाच मेला. मग रिनला विशीतच का मारायचं?

कादंबरीकार इतिहासाची वाट जिथे सोडतो तिथेच त्याचा विचार दिसतो, हे आक्षेप घेणारे विसरतात. माओच्या आयुष्यात विजय आणि दुष्काळ यांच्यामध्ये दहा वर्षांचं अंतर आहे. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये उपासमारीने जी माणसं मेली त्यांची संख्या दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत सांगितली जाते. क्वांग यांनी हे अंतर काही आठवड्यांवर आणलं. रिन राजधानी घेते, शत्रू पळतो, आणि पाठोपाठ देशात धान्य नसल्याचं समोर येतं. वर्षानुवर्षांच्या लढायांनी शेतं उजाड झालेली, धरणं फुटलेली, शेतकरी सैन्यात ओढलेले. विजयाचा आनंद साजरा करायलाही फुरसत मिळत नाही. हेस्पेरियाकडे धान्य आहे, पण ते घेणं म्हणजे त्यांच्या अटी मान्य करणं. रिन म्हणते, आपण समुद्र ओलांडून त्यांच्यावरच चालून जाऊ. घरात दाणा नसताना नव्या युद्धाची तयारी सुरू होते. कारण आणि परिणाम अशी शेजारी ठेवल्यामुळे वाचकाला पळवाट उरत नाही. ‘तेव्हा कोणाला कल्पना होती’ असं म्हणण्याची सोय इतिहासात असते, ती या कादंबरीत राहिलेली नाही.

क्वांग यांनी आणखी एक गोष्ट रिनला दिली, जी कुठल्याच हुकूमशहाला मिळत नाही. दुसऱ्या खंडात रिन आणि किताय यांचे आत्मे एकमेकांशी बांधले जातात. तिला देवतेची शक्ती वापरायची तर ती कितायच्या मनातून येते, एकाची जखम दुसऱ्याला होते, आणि एक मेला तर दुसराही मरतो. वरवर पाहता ही फँटसीतली एक ठरावीक युक्ती आहे. पण तिसऱ्या खंडात तिचा खरा उपयोग कळतो. रिनच्या प्रत्येक आगीची किंमत एका माणसाच्या अंगावर लगेच दिसते, आणि तो माणूस तिचा सर्वांत लाडका, सर्वांत शहाणा मित्र आहे. तो तिच्या लढायांचे आराखडे आखतो, आणि अखेर तोच तिला थांब म्हणतो. वास्तववादी कादंबरीला हे दाखवायला शेकडो पानं लागली असती, आणि तरी ते इतकं शरीराला भिडलं नसतं. फँटसीला पोरांचं वाचन समजून बाजूला सारणाऱ्यांनी निदान या एका योजनेकडे नीट पाहावं.

आता सर्वांत गंभीर आरोपाकडे येतो. शेवट वसाहतवाद्यांपुढे गुडघे टेकतो, असा तो आरोप आहे. तीन खंड परकीयांविरुद्ध लढायचं आणि अखेर त्यांचं धान्य घ्या, त्यांचं ऐका, असं सांगून मोकळं व्हायचं, याला काय म्हणावं? हा प्रश्न विचारणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. वसाहतीचा अनुभव असलेल्या समाजातल्या वाचकाला तो प्रश्न पडलाच पाहिजे. आपल्याकडच्या वाचकाला तर जास्तच, कारण त्रयीच्या नावातल्या अफूशी आपलाही संबंध आहे. होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेली माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि त्या व्यापारातल्या पैशावर मुंबईतल्या मोठमोठ्या घराण्यांची भरभराट झाली.

पण आरोप टिकायचा असेल तर कादंबरीने हेस्पेरियाला कुठेतरी चांगलं म्हटलेलं असायला हवं. तसं एकही पान नाही. दुसऱ्या खंडात सिस्टर पेत्रा ही धर्मप्रचारक बाई रिनला तपासणीच्या खोलीत वारंवार बोलावते, तिच्या कवटीची मापं घेते, तिच्या अंगावर हत्यारं चालवते आणि हे सगळं शांतपणे वहीत उतरवत जाते. पेत्राला राग येत नाही, द्वेषही वाटत नाही. तिच्या लेखी समोर माणूसच नाही. तिसऱ्या खंडात हेस्पेरियाची हवाई जहाजं, शाळा, प्रार्थनामंदिरं आणि स्वच्छ रस्ते येतात, आणि निकानची माणसं स्वतःच्या देशात खाली मान घालून चालू लागतात. मदतीच्या धान्याबरोबर काय काय येतं हे इतक्या थंडपणे लिहिणारी लेखिका वाचकाला धान्य घ्या म्हणून उपदेश करत असेल, हे मला पटत नाही.

शेवटी समोर उरते ती निवड दोन वाईटांतली. रिनचा मार्ग म्हणजे उरलेला देश पेटवून परक्यांना हरवणं. नेझाचा मार्ग म्हणजे मान खाली घालून देश जिवंत ठेवणं आणि पुढच्या पिढीला लढायला काही उरवणं. क्वांग दुसऱ्या मार्गाला थोर म्हणत नाहीत. उपसंहार नेझाच्या नजरेतून लिहिलेला आहे. रिन आणि कितायचे मृतदेह बाजूला आहेत, हेस्पेरियन येत आहेत, आणि त्याला आता आयुष्यभर खोटं बोलायचं आहे. त्याला विजयी म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. जिवंत राहण्याची शिक्षा त्याच्या वाट्याला आली आहे, आणि ती शिक्षा रिननेच दिली आहे. ज्या राष्ट्रांनी वसाहतवाद भोगला त्यांच्या इतिहासात हुतात्म्यांइतकेच असे तडजोडीचे, बदनाम झालेले लोकही आहेत. त्यांच्याविषयी लिहिणं म्हणजे वसाहतवादाची भलामण करणं नव्हे.

बाईचा राग लेखिकेने दडपला, असंही म्हटलं जातं. याला फार वेळ द्यावासा वाटत नाही. तीन खंडांत रिनच्या रागाला जितकी जागा मिळाली तितकी फँटसीतल्या फार थोड्या नायिकांना मिळाली असेल. शेवटी निवाडा होतो तो रागाचा नाही, रिनच्या हातून जे घडतं त्याचा होतो. ती कोवळ्या मुलांना देवतेशी जोडून लढाईत उतरवते. त्यातली पिपाजी लहान मुलगी आहे आणि तिच्या नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो. साम्राज्याने रिनच्या पूर्वजांचं, स्पीर बेटावरच्या लोकांचं जे केलं, पेत्राने रिनचं जे केलं, तेच रिन पिपाजीचं करते, आणि तेही प्रेमाने, देशासाठी. हे वाचून ज्याला धक्का बसत नाही त्याने त्रयी वाचलीच नाही असं मी म्हणेन.

डाव्या विचाराच्या मित्रांचा आक्षेप मात्र मला बराच काळ अडवून होता. ते म्हणतात, क्रांती हा लाखो शेतकऱ्यांचा खटाटोप असतो; या बाईंनी त्याला एका पोरीच्या वेडाची गोष्ट करून टाकली. या आक्षेपाला आपल्याकडे एक चेहराही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, माओच्या आठव्या मार्ग सेनेत जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. मराठी घरांमध्ये त्या सेनेची ओळख कोटणीसांमधून झाली आहे. ती ओळख खोटी नाही. १९३४-३५ च्या लाँग मार्चला, म्हणजे त्याच चळवळीच्या लांबलचक माघारीला, निघालेल्या सुमारे शहाऐंशी हजारांपैकी आठ हजारांच्या आसपास माणसं शेवटपर्यंत पोचली. त्या माणसांचा त्याग खराच होता.

क्वांग तो नाकारत नाहीत. डोंगरातून चाललेली दक्षिणेच्या सैन्याची वाटचाल हा तिसऱ्या खंडातला सर्वांत ताकदीचा भाग आहे. थंडी, भूक, मागे पडलेली माणसं, आणि चालत राहण्यापलीकडे कसलाच मार्ग नसणं. शेतकरी तिथे समूह म्हणूनच येतात, एकेकटे फारसे उठून दिसत नाहीत, ही तक्रार मला मान्य आहे. पण चळवळ एका व्यक्तीत कशी आटत जाते, ते क्वांग पायरीपायरीने दाखवतात. सुरुवातीला रिनभोवती पुष्कळ आवाज आहेत. दक्षिणेचे सरदार आहेत, त्यांची स्वतःची गणितं आहेत, आणि त्यांतले काही तिला शत्रूच्या हवाली करतात. ती परत येते तेव्हा त्यांचा काटा काढते, आणि वाचकाला ते न्याय्यच वाटतं. मग दाजी, जियांग आणि रिगा या जुन्या पिढीच्या तिघा महाशक्तींचा अंत होतो, तोही न्याय्य वाटतो. मग वेंकावर संशय येतो. विद्यालयापासूनची सोबतीण, गोलिन नीसच्या नरकातून जिवंत बाहेर आलेली वेंका त्या संशयाच्या भोवऱ्यात जाते. इथे वाचक चपापतो. कारण आता मागे वळून पाहिलं तर प्रत्येक पायरीवर दुसरा आवाज एकेक करून बंद झालेला असतो, आणि प्रत्येक वेळी आपण मान डोलावलेली असते. क्रांती एका माणसाची होते ती अशी, आणि तिला तसं होऊ देण्यात वाचकही सामील असतो, हे या कादंबरीचं म्हणणं आहे. त्याला क्रांतीची बदनामी म्हणणं अन्यायाचं आहे.

शेवटी एकच आवाज उरतो, कितायचा. तो बंद करता येत नाही, कारण तो तिच्या आत आहे. स्पीर बेटावर रिन, किताय आणि नेझा समोरासमोर येतात तेव्हा रिन कितायलाही मोडून त्याच्या मनातून शक्ती ओढू पाहते. त्या क्षणी तिला दिसतं की आपण काय झालो आहोत. तिच्या निर्णयात कितायची संमती आहे. म्हणून हा पराभव मला एकट्या रिनचा वाटत नाही. तिघांनी मिळून आयुष्यात घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय आहे, आणि तो उशिरा आला हे त्यांचं दुःख आहे.

या खंडात दोष आहेत. शेवटचा भाग घाईने उरकला आहे. दुष्काळाला आणखी पानं हवी होती. नेझा मधल्या भागात इतका लांब राहतो की अखेरीस त्याच्यावर सगळं ओझं टाकताना वाचकाला त्याची जुनी ओळख आठवावी लागते. हे लेखनाचे दोष आहेत आणि त्यांची चर्चा व्हावी. शेवट काय असावा हा प्रश्न मात्र लेखिकेने पहिल्या पानालाच सोडवलेला आहे. तिसऱ्या खंडाची सुरुवात रिनपासून होतच नाही. ती होते दाजी, जियांग आणि रिगा या तीन तरुण मित्रांपासून, जे देश वाचवायला निघाले होते, एकमेकांशी बांधले गेले होते, आणि ज्यांनी अखेर एकमेकांना आणि देशालाही गिळलं. त्यांच्यापैकी कोणीही वेळेत थांबलं नाही. ‘द बर्निंग गॉड’चा शेवट नापसंत असलेल्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की निकाल देण्याआधी ती सुरुवातीची पानं पुन्हा एकदा वाचा.