'रॉ'मध्ये काढलंय ना, मग पिसं कुठे गेली?

मंडळी, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत दोन मंत्र फार चालतात. पहिला, "पांढरा पक्षी दिसला की एक्स्पोजर प्लस कर." दुसरा, "बिनधास्त काढ रे, रॉ आहे, नंतर बघू." या दोन मंत्रांनी मिळून किती बगळ्यांचा चुना केलाय त्याला गणती नाही!

पहिला मंत्र अर्धाच खरा आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर येईल त्याला मधल्या राखाडीकडे ओढतं. बगळ्याने अख्खी फ्रेम भरली असेल तर प्लस बरोबर. पण भिगवणला सकाळच्या उन्हात बगळा असतो फ्रेमच्या एका कोपऱ्यात आणि मागे सगळं गडद पाणी. मीटर बिचारं पाणी उजळायला जातं आणि बगळा जळतो. तिथे मायनस एक, कधी दीडसुद्धा लागतं.

दुसरा मंत्र तर धडधडीत खोटा. १४ बिटच्या रॉमध्ये आकडे ० ते १६३८३. सेन्सर भरला की त्यापुढचा सगळा प्रकाश त्याच कमाल आकड्यावर येऊन बसतो. शेजारच्या शंभर पिक्सेलांत एकच आकडा असेल तर पिसाची रेघ कुठून काढणार? एखादाच रंग भरला असेल तर बाकीच्या दोघांवरून अंदाज बांधता येतो, 'रिकव्हरी' म्हणतात ती हीच. तिन्ही भरले की खेळ खलास. स्लायडर ओढा, पांढऱ्याचा करडा होईल, बस्स.

"पण अंडर केलं की नॉइज येतो!" येतो ना. पण त्या नॉइजखाली पीस असतं. नॉइज कमी करता येतो, नसलेलं पीस आणता येत नाही. आमच्या धंद्यात लॉग गचाळ असला तर चालतो, पुसलेला चालत नाही. तसंच हे.

उपाय सोपा आहे. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअल वापरा. पक्षी पाण्यावरून आकाशात गेला म्हणून त्याच्यावरचं ऊन बदलत नाही. कडक ऊन पाठीशी असताना आयएसओ ४०० आणि एफ ५.६ ला १/३२०० पासून सुरुवात करा, बगळ्याला १/५००० पर्यंत जा. हिस्टोग्रामवर विसंबू नका. एवढ्याशा पक्ष्याचा त्यात उजवीकडे केसाएवढा कोंब दिसतो. लुकलुकणारी हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा. पाण्यावरची चमक जळली तर जळू द्या, पक्षी जळता कामा नये.

आता म्हणे एआय पिसं भरून देतं. देतं की! पण विणीच्या हंगामात छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं येतात, पाठीवर जाळीदार तुरे येतात. ते त्या दिवशी, त्या पक्ष्याला होते की नव्हते, हे एआयला काय ठाऊक? ते ठाऊक होतं फक्त त्या प्रकाशाला, आणि तो तुम्ही सांडून टाकलात. भरलेली पिसं लावायचीच असतील तर खुशाल लावा, फक्त खाली पक्ष्याचं नाव आणि तारीख लिहू नका.