उजनीचे भांडवल पाण्यात आहे, ते जपा

व्यापारात भांडवल आणि नफा यांतला फरक ज्याला कळला तो टिकला. भांडवलच खाऊन जो दिवाळी साजरी करतो, त्याच्या दुकानाला पुढच्या वर्षी कुलूप लागते. हा साधा नियम पाण्यालाही लागू पडतो. म्हणूनच आज आम्ही वाचकांचे लक्ष भीमा नदीवरील उजनी जलाशयाकडे वेधू इच्छितो.

1980 साली पूर्ण झालेले हे धरण सोलापूर जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरले आहे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणजे दुष्काळातही हे तळे सहसा कोरडे पडत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात पातळी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले, पण मासळी पूर्णपणे संपली नाही. शेतीला न मिळणारे ते पाणी हीच मच्छीमारांची खरी तिजोरी आहे.

या तिजोरीवर भिगवण आणि इंदापूरचा मासळी बाजार उभा आहे. जाळे टाकणारा, होडी बांधणारा, बर्फवाला, आडतदार, टेम्पोवाला, रस्त्याकडेचा खानावळवाला अशा कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. यांपैकी अनेकांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

परंतु आज ही मंडळी भांडवलाला हात घालीत आहेत. बारीक आसाच्या जाळ्यांत बोटाएवढी पिल्ले येतात आणि ती कवडीमोलाने विकली जातात. त्याच पिल्लाला वर्षभर सोडले तर एका कटल्याचे वजन किलोच्या पुढे जाते. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. पावसाळ्यात पूर आला की ते वाहत्या पाण्याकडे चढतात आणि नेमके तेव्हाच वाटेत जाळी लागलेली असतात. त्यांची जागा चिलापी घेत आहे. चिलापी झपाट्याने वाढते, गरिबाच्या ताटाला ती बरी. पण कटल्याचा भाव तिला येत नाही. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीवाटे येऊन मिळते, ते वेगळेच.

उपाय काय? समुद्रावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. उजनीवरही विणीच्या दिवसांत जाळे कसोशीने विसावले पाहिजे. मात्र पोटाचे काय, हा मच्छीमाराचा प्रश्न रास्त आहे. आमच्या मते त्याचे उत्तर त्याच्या होडीतच आहे.

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत कुंभारगाव, डिकसळ भागात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पुण्या-मुंबईहून लोक कॅमेरे घेऊन येतात. स्थानिक होडीवाला त्यांना पाण्यावर फिरवतो, पक्ष्यांची नावे सांगतो, घरची चुलीवरची मासळी खाऊ घालतो. कोणी हौशी गळ टाकून बसतो. ही कमाई जाळ्याच्या कमाईवर वरकड आहे. हंगामात मिळालेल्या या पैशातून पावसाळ्यातील दोन महिन्यांची तजवीज सहकारी संस्थेमार्फत करता येईल. होडीमागे ठरावीक रक्कम बाजूला पडली तरी पुरे. हा धंदा बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती गेला तर मात्र मच्छीमाराच्या हाती वल्हेही उरणार नाही.

तथापि या धंद्याची पहिली अट जिवाची सुरक्षितता ही आहे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची होडी नव्हती. पण पाणी तेच, वारा तोच. प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, मोजकी माणसे आणि वारा सुटताच होडी काठाला, हे नियम गिऱ्हाईक नाराज झाले तरी पाळावेत. तसेच चांगल्या छायाचित्रासाठी थव्यात होडी घालू नये. पक्षी उठून गेला की गिऱ्हाईकही गेले.

आडतदार बंधूंना आमची विशेष विनंती आहे. कायदा काठावर उभा असतो, पण तराजू तुमच्या हातात आहे. बोटभर पिल्लांची पाटी लिलावात घेणे ज्या दिवशी तुम्ही नाकाराल, त्या दिवशी बारीक जाळे आपोआप घडी होऊन माळ्यावर जाईल. आज चार पैसे कमी मिळतील. पण उद्याचा बाजार राहील.